एकशे नऊ टनांचा कॅमेरा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. गेवराई तालुक्यातले चकलांबाही त्याला अपवाद नाही. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ ठरली आणि टनाचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. या दराने चाळीस हजारांचा कॅमेरा म्हणजे १०९ टन ऊस. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले असे धरले, तरी साधारण पंचावन्न दिवसांची तोड. त्यातून मुकादमाची उचल फिटायची आहे, फडावरचा किराणा भागवायचा आहे आणि लेकरू आजारी पडले तर दवाखाना करायचा आहे, हे अजून धरलेलेच नाही.

हा हिशोब आधी मांडण्याला कारण आहे. ‘पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा’ असे कुणी विचारले की समोरचा माणूस लगेच मॉडेलचे नाव सांगतो. जणू घरातले पैसे ठरलेलेच आहेत आणि फक्त दुकानातली वस्तू ठरायची आहे. आमच्या भागात असे नसते. इथे आधी पैशांवरच घरात चार रात्री बोलणे होते. आणि ज्यांच्या घामाचे ते पैसे, त्यांना कॅमेऱ्यातले काही कळत नाही, असे धरून पोरगा एकटाच निर्णय घेऊन मोकळा होतो. म्हणून हा लेख मी पोरासाठी जितका लिहितो आहे, तितकाच त्याच्या आईबापासाठी. कॅमेऱ्याच्या पैशांतला कोणता रुपया कुठे जातो आणि कोणता वाया जातो, एवढे कळले तरी बोलणे सारख्या पायावर होईल.

चकलांब्यासारख्या गावात कॅमेरा मागणारे बहुतेक तरुण लग्नाच्या कामासाठी मागतात. कोयते परत आले की चैत्र-वैशाखात लग्नांचा धडाका सुरू होतो, एकेका दिवशी पंचक्रोशीत अनेक तिथी असतात, आणि अल्बम, व्हिडिओ, शूटिंग यांना काम असते. हौसेसाठी मागणारेही आहेत. एखादा शिक्षक, एखादा पक्षी बघणारा, गोदाकाठच्या राक्षसभुवन-पांचाळेश्वरची जुनी बांधकामे टिपू पाहणारा. पण हौसेची चूक घर सोसते. रोजगारासाठी घेतलेला कॅमेरा चुकला तर पुढच्या दसऱ्याला पोरगाही गाडीत बसतो. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः लग्नाच्या कामासाठी घेणाऱ्याला धरून आहे.

छायाचित्रण आपल्याकडे आले ते दरबाराच्या दारातून. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना १८९४ साली ‘मुसव्विर जंग राजा बहादूर’ असा किताब दिला. काचेच्या प्लेटा, तिपाई, रसायने आणि ते ओढायला माणसे असा तो सगळा सरंजाम. त्यात रयतेने कॅमेरा विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. मध्यमवर्गीय माणसाने घरचे किडूकमिडूक मोडून कॅमेरा आणण्याची जी गोष्ट मराठी माणसाला माहीत आहे, ती अर्थातच दादासाहेब फाळक्यांची.

ती गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. सरस्वतीबाईंचे दागिने आणि विम्याच्या पॉलिसी एवढे लक्षात ठेवतो. मला तिच्यातला जमाखर्च अधिक शिकवणारा वाटतो. फाळक्यांनी बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. त्याची किंमत होती पन्नास पौंड. त्या काळी पौंडाचा दर पंधरा रुपये असा बांधलेला होता, म्हणजे कॅमेरा साडेसातशे रुपयांचा. दहा हजारांतले साडेसातशे! बाकीची रक्कम प्रवास, शिक्षण, कच्ची फिल्म, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, प्रक्रियेची सामग्री आणि पुढच्या कामासाठी होती. खरेदीपूर्वी त्यांनी लंडनच्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला गाठले आणि जाणत्या लोकांचा सल्ला घेतला. परत आल्यावर थेट ‘राजा हरिश्चंद्र’ला हात न घालता कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो हे महिनाभराहून अधिक काळ थोडेथोडे टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. तो दाखवून पुढचे भांडवल मिळवले. भोके पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या. म्हणजे ज्या घरातून पैसा गेला, त्या घरातल्या बाईला यंत्राची पूर्ण माहिती होती.

आता दुकानाकडे वळू.

डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला उजेड एका आरशावर पडतो आणि वरच्या प्रिझममधून (स्वस्त मॉडेलांत आरशांच्या रचनेतून) डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज आरशाचा आणि पडद्याचा. फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यांची रचना हीच होती. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ ३ या कॅमेऱ्याला डिजिटल जोड देऊन १.३ मेगापिक्सेलचा पहिला बाजारी डीएसएलआर काढला. तो सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. हजार डॉलरच्या आतला डीएसएलआर यायला २००३ साल उजाडले. तो कॅननचा ३०० डी. २००८ मध्ये निकॉन डी ९० ने डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आणला. त्याच वर्षी कॅननच्या ५ डी मार्क टूने फुल एचडी दिले आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यांची दुनिया बदलली.

मोबाइल असताना हे कशाला, हा आईबापाचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. पाऊस पडत असताना अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठते. सेन्सर म्हणजे उजेड धरायची परात. साध्या मोबाइलचा सेन्सर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढा, क्षेत्रफळाने मोबाइलच्या सुमारे चौदा पट. निकॉनचा किंचित मोठा. भर उन्हात पाऊस धो धो असतो, तेव्हा वाटीही भरते. म्हणून दुपारचा फोटो मोबाइलवर छान दिसतो, आणि मोबाइल एकावर एक चार-पाच फोटो रचून तो आणखी खुलवतो. फरक पडतो तो गोरज मुहूर्तावर, वऱ्हाड दारात आल्यावर, घरातल्या एका बल्बखाली. ज्याला फक्त उन्हातले फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आहेत, त्याने डीएसएलआर घेऊ नये. हे वाक्य दुकानदार म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

याच परातीत किती कप्पे पाडले, ती संख्या म्हणजे मेगापिक्सेल. कप्पे वाढवल्याने पाणी वाढत नाही. बारा बाय अठरा इंचांचे करिज्मा अल्बमचे पान उत्तम छापायचे तर इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात; २०० ठिपक्यांवर भागवले तर पावणेनऊसुद्धा लागत नाहीत, आणि हातात धरून बघणाऱ्या पाहुण्यांना तो फरक सहसा जाणवत नाही. तेव्हा सोळा-अठरा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा ‘कमी’ म्हणून नाकारणे आणि चोवीससाठी जास्तीचे पैसे मोजणे, या दोन्ही गोष्टी लग्नाच्या अल्बमपुरत्या निरर्थक आहेत.

पैसे घालायची खरी जागा म्हणजे काच, अर्थात लेन्स. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण लांबीवर नेली की तिचे तोंड एफ ५.६ एवढेच उघडते. एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांच्याही सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी आहे. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की ९.७ येतात, म्हणजे ती लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मंडपात संध्याकाळी साध्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर हिला दीडशेवा पुरतो. पंधराव्या भागात नवरीची मान हलते आणि चेहरा पुसट होतो. दीडशेव्या भागात तिच्या डोळ्यांतले पाणीही स्पष्ट येते. हा फरक बॉडी बदलून मिळत नाही, आणि मिळवायचा म्हटला तर पन्नास-साठ हजार वर मोजावे लागतात.

मात्र ५० च्या लेन्सची एक अडचण आहे, आणि ती आमच्या घरांच्या आकाराची आहे. कॅननच्या या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचा भाग पकडते. दोन खणांच्या घरात हळदीचा फोटो काढताना पाठीला भिंत लागते आणि मामी चौकटीबाहेर राहतात. १८ वर मात्र तेवढ्याच अंतरावरून बारा फूट येतात. म्हणून किट लेन्स फेकायची नसते. घोळक्यासाठी ती, चेहऱ्यासाठी ५०. निकॉनवाल्यांना ३५ मिलिमीटरची एफ १.८ डीएक्स लेन्स हा आणखी सोयीचा पर्याय आहे. लहान घरांत मी तीच सुचवेन.

लेन्सचा विषय निघाला की माऊंटचा निघतोच, आणि इथे मला सोयरिकीची उपमा द्यावीशी वाटते. मुलगी बघताना आपण घराणे बघतो, कारण नाते एका माणसाशी जुळून थांबत नाही. कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षे टिकते, आणि एका घराण्याची लेन्स दुसऱ्या घराण्याच्या बॉडीवर सरळ बसत नाही. कॅननचा ईएफ माऊंट १९८७ पासूनचा, निकॉनचा एफ माऊंट १९५९ पासूनचा. दोन्हीकडे जुन्या लेन्सांचा साठा अफाट आहे. तालुक्याच्या गावी ज्या छायाचित्रकाराकडे तुम्ही हाताखाली काम करणार, त्याच्याकडे जे घराणे आहे तेच घेणे शहाणपणाचे. अडीनडीला लेन्स, बॅटरी, चार्जर मागता येतो. बाकी कॅनन चांगले की निकॉन, हा वाद गावातल्या दोन तालमींच्या वादासारखाच, ऐकायला मजा येते आणि निकाल लागत नाही.

निकॉनमध्ये एक गोम आहे. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या ‘डी’ प्रकारच्या लेन्सा त्यांच्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. ५० एफ १.८ चा ‘डी’ प्रकार स्वस्त मिळतो म्हणून घेतला आणि लग्नात हाताने फोकस करत बसला, असे व्हायला नको. त्या बॉडीवर ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्सच घ्यावी. कॅननच्या ईएफ लेन्सांत मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे हा घोळ तिकडे नाही.

कॅननचे घोळ वेगळे. फ्लॅश जिथे सरकवतात, त्या पट्टीच्या मध्यभागी एक धातूचा ठिपका असतो. बाजारातला कोणताही साधा फ्लॅश त्याच ठिपक्यातून चालतो. २०० डी मार्क टू या मॉडेलात कॅननने तो ठिपकाच काढून टाकला. बाकी तो कॅमेरा गुणी आहे, व्हिडिओत फोकस फार सुरेख धरतो, पण दुसऱ्याकडून उसना आणलेला स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्याच्यावर मुका राहतो. ३००० डी हे सर्वांत स्वस्त मॉडेल. त्यात लेन्स अडकवायची कडी प्लास्टिकची आहे आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे डोळ्याची भिंग जुळवायची चकतीही नाही. रोज दहा वेळा लेन्स बदलणाऱ्याने ते टाळावे. १५०० डी घरगुती कामाला ठीक आहे, पण त्यात बाहेरचा माइक जोडायला जागा नाही. निकॉनच्या डी ३५०० मध्येही नाही, आणि गंमत म्हणजे त्याच्याच आधीच्या डी ३३०० मध्ये आहे. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टके, बापाचे चार शब्द, पाठवणीचे रडणे हे ऐकू आले नाही तर व्हिडिओ कशाचा? त्या कामासाठी घेणाऱ्याने जुने ७०० डी, डी ५३०० किंवा डी ५६०० यांकडे बघावे. नव्या डब्यातल्या स्वस्त मॉडेलापेक्षा वापरलेले वरच्या पायरीचे मॉडेल चांगले, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि वापरलेला कॅमेरा घ्यायला आजच्याएवढा चांगला काळ नव्हता. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आरसा नसलेले मोठे कॅमेरे आणले, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे लक्ष तिकडे गेले. डीएसएलआरची नवी मॉडेले जवळपास थांबली आहेत. शहरातले हौशी लोक आपले डीएसएलआर विकून नवे घेत आहेत आणि त्यामुळे जुन्यांचे भाव उतरले आहेत. ‘जुने तंत्र’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगतो. बॅटरी मोजण्याच्या ठरलेल्या चाचणीत डी ३५०० एका चार्जिंगवर १,५५० फोटो काढतो आणि १५०० डी ५००. स्वस्तातले आरसाविरहित कॅमेरे तीनशे ते साडेचारशेच्या घरात राहतात. लोडशेडिंगच्या गावात, लग्नघरी एकाच बोर्डवर मिक्सर, डीजे आणि चार्जर भांडत असताना, हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. शिवाय पुढे कधी आरसाविरहित घेतलाच, तर कॅननच्या ईएफ लेन्सा अॅडॉप्टर लावून त्यावर व्यवस्थित चालतात. काचेत घातलेला पैसा बुडत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचे, ते बैल बघण्याइतकेच सोपे आणि तितकेच चिवट काम आहे. पडदा किती वेळा उघडला, हे कॅमेऱ्याचे दात. साध्या निकॉन बॉडींचा पडदा एक लाख वेळांसाठी तपासलेला असतो. एका लग्नात दोन हजार फोटो निघाले तर पन्नास लग्नांत लाख संपतो. म्हणजे लग्नवाल्याकडून घेतलेला ‘दोनच सीझन वापरला’ असा कॅमेरा म्हातारा असू शकतो, आणि डॉक्टरसाहेबांनी सहलीला नेलेला दहा वर्षांचा कॅमेरा तरणा. लाखाला पडदा तुटतोच असे नाही आणि तुटला तर बदलता येतो, पण भाव करताना हा आकडा हातात हवा. निकॉनच्या फोटो-फाइलमध्ये तो लिहिलेला असतो, कोणत्याही ताज्या फोटोवरून काढता येतो. कॅनन तो फाइलमध्ये लिहीत नाही. वेगळे सॉफ्टवेअर लावावे लागते.

मग लेन्सचे तोंड लहान करून (एफ १६ किंवा २२) मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती निघते, रेघ असेल तर निघत नाही. टोपण लावून पूर्ण काळोखाचा फोटो घ्यावा, त्यात रंगीत ठिपके चमकतात का बघावे. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, आणि अशी लेन्स फुकट दिली तरी इतर लेन्सांशेजारी ठेवू नये. बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याखालच्या क्रमांकाशी जुळवावा. बिल नाही म्हणणाऱ्याला रामराम करून उठावे, कारण चोरीचा माल घेतल्याचे प्रकरण निस्तरायला १०९ टन पुरत नाहीत. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या जुन्या-नव्या मालासाठी आणि दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे जाणाऱ्याने ‘इंपोर्ट माल, बिल नको’ असा सौदा असेल तर त्यावर भारतातली वॉरंटी नसते, हे लक्षात ठेवावे. नव्या कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे. बिलावर तो दिसला पाहिजे.

आता ते चाळीस हजार कसे वाटायचे. भाव रोज हलतात, म्हणून मी वाटा सांगतो. निम्मे, म्हणजे वीस हजारांच्या आत, वापरलेली बॉडी आणि किट लेन्स. आठ ते दहा हजार ५० किंवा ३५ ची लेन्स. चार-पाच हजार फ्लॅश. उरलेल्यात दुसरी बॅटरी, दोन मेमरी कार्डे, बॅग आणि फोटो उतरवून ठेवायला हार्ड डिस्क. कार्डे दोन का? लग्न परत लागत नाही. पहिले कार्ड बिघडले तर निदान अर्धे लग्न हाती राहते. या वाटणीत बॉडीला फाळक्यांच्या मानाने फारच मोठा वाटा मिळाला, पण ते लंडनला जाऊन शिकून आले होते. आपण बोरा बाजारापर्यंत जाणार.

फ्लॅशबद्दल थोडे सविस्तर. पुस्तके सांगतात की फ्लॅशचे तोंड छताकडे करा, उजेड मऊ होऊन उतरतो. आमच्याकडचे छत म्हणजे मंडपाचे कापड, बहुधा लाल, गुलाबी किंवा पिवळे. त्यावर आपटलेला उजेड त्याच रंगाचा होऊन उतरतो आणि नवरदेव गुलाबी दिसतो. दुपारच्या लग्नात तर फ्लॅशशिवायही तेच होते, कापडातून गाळलेले ऊन चेहऱ्यावर पडते आणि कडेचा अर्धा चेहरा उघड्या उन्हात पांढरा. अशा वेळी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा फ्लॅशला रबराने बांधून उजेड पुढे वळवावा, आणि फोटो ‘रॉ’ या प्रकारात साठवावेत, म्हणजे रंग मागाहून बराच सुधारता येतो. अर्धा लाल-अर्धा पांढरा चेहरा मात्र संगणकावर पूर्ण सुधारत नाही. नवरीला दोन पावले आत सरकायला सांगणे, हाच त्यावर उपाय.

पैसे उभे करण्याचा मार्गही निवडीचाच भाग आहे. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. ते व्याज किमतीत किंवा शुल्कात लपलेले असते. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारावा, मग हप्त्याचा. फरक म्हणजे व्याज. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने चाळीस हजार काढले तर महिन्याला आठशे रुपये नुसते व्याजाचे, आणि लग्नाचे काम वर्षातून तीन-चार महिनेच असते. सावकाराचा दर याहून चढा. म्हणून माझे सांगणे असे की पहिला सीझन दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर करावा, हाताखाली किंवा दिवसाच्या भाड्याने घेऊन. फाळक्यांनी वाटाण्याचा वेल दाखवला, तसे घरच्यांना वीस फोटोंचे छोटे पुस्तक छापून दाखवावे. मग पैसे मागावेत. आईने ते पुस्तक चाळले की तिचे प्रश्न बदलतात, ती ‘किती’ऐवजी ‘हा फोटो रात्री कसा काढलास’ असे विचारू लागते.

एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. कॅमेऱ्याची मागणी घरात मुलगाच करणार असे आपण गृहीत धरतो. हळद, डोहाळजेवण, बांगड्या भरणे, नवरीची तयारी या सगळ्या बायकांच्या जागा. तिथे पुरुष छायाचित्रकार दारात घुटमळतो आणि बायका पदर सावरून बसतात, फोटोत तो अवघडलेपणा उतरतो. मुलीच्या हाती कॅमेरा असेल तर हे काम तिला बिनधोक मिळेल आणि चांगले होईल. बारावी झालेल्या मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाई जिथे आहे, तिथे चाळीस हजारांचा हा पर्याय निदान बोलण्यात तरी यायला हवा. जड बॉडीची भीती दाखवतात, पण २०० डी किंवा डी ३५०० हे कॅमेरे पाण्याने भरलेल्या तांब्याहून हलके आहेत.

राहता राहिला सांभाळ. आमच्याकडचा शत्रू धूळ. लेन्स बदलताना बॉडीचे तोंड जमिनीकडे असावे आणि वारा पाठीला, मोटारसायकलवर तर कधीच बदलू नये. पावसाळ्यात बुरशी. आणि ज्या घरातले सगळेच तोडीला जातात, तिथे कॅमेरा पाच-सहा महिने बंद घरात राहतो. तो कापडी बॅगेत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात तशा पण मोठ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक आणि रबर खराब करू शकते. बॅटरी काढून, निम्मी भरलेली, वेगळी ठेवावी. डबा पत्र्याखाली माळ्यावर न ठेवता खाली, भिंतीच्या थंड बाजूला ठेवावा. मागे म्हातारे आईवडील राहत असतील, तर त्यांना एवढे शिकवून जावे की महिन्यातून एकदा डबा उघडायचा, कॅमेरा बाहेर काढून तासभर उजेडात ठेवायचा, बॅटरी घालून चार-दोन वेळा बटण दाबायचे आणि परत झाकण लावायचे. ते चार-दोन फोटो पुसू नयेत.